‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणणाऱ्याला काय द्यावं?

वाचनालयाच्या देवघेव खिडकीशी सर्वांत जास्त वेळा येणारी मागणी एकच असते : ‘काहीतरी चांगलं द्या वाचायला.’ लेखकाचं नाव नाही, विषय नाही, कथा हवी की चरित्र तेही नाही. अशा वेळी नुकतंच आलेलं, गाजलेलं, पुरस्कार मिळालेलं पुस्तक पुढे करायचा मोह होतो. तो आवरावा. पुस्तक चांगलं असणं वेगळं आणि ते या माणसाच्या हाती आज रुजणं वेगळं. सुचवणाऱ्याला दुसऱ्याची काळजी करायची असते. हे काम वरवर पाहता आवडीनिवडीचं वाटतं, पण त्याला रीत आहे, आणि ती कुणालाही जमते. ग्रंथपालाला जमते, तशी भाचीला वाढदिवसाला कादंबरी घेऊन जाणाऱ्या मामालाही.

सुरुवात प्रश्नाने करायची. मात्र ‘तुम्हाला काय आवडतं?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. त्यावर लोक गोंधळतात, नाहीतर शाळेत ऐकलेली मोठी नावं सांगून मोकळे होतात. त्याऐवजी विचारावं, ‘संपूच नये असं वाटलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?’ उत्तरातलं पुस्तक वीस वर्षांपूर्वी वाचलेलं असलं तरी चालेल. आणि लगेच पुढचं : ‘त्यातलं काय लक्षात राहिलंय?’ कामाची माहिती या दुसऱ्या उत्तरात असते.

एक उदाहरण जरा सविस्तर बघू. ‘एक होता कार्व्हर’ हे वीणा गवाणकरांचं पुस्तक १९८१ साली आलं आणि आजही ‘तसंच काहीतरी द्या’ असं म्हणणारे सभासद येतात. ग्रंथसूची पाहिली तर उत्तर सोपं : वैज्ञानिकाचं चरित्र, तेव्हा आणखी एक वैज्ञानिकाचं चरित्र द्या. पण लक्षात काय राहिलं ते विचारलं की वाटा फुटतात. एखाद्या काकू म्हणतात, ‘भुईमुगापासून तो काय काय शोधून काढतो, ते वाचताना भान राहिलं नाही.’ त्यांना गवाणकरांनीच लिहिलेलं लीझ माइटनरचं चरित्र द्यावं. अणुविखंडनाचा अर्थ लावणारी ही बाई, आणि त्या शोधाचं १९४४चं नोबेल मात्र एकट्या ऑटो हान यांना. दुसरा वाचक म्हणतो, ‘इतक्या हालातून वर आला, हे मोठं वाटलं.’ त्याला प्रयोगशाळेत रस नाही, त्याला माणसाची धडपड हवी आहे. त्याच्यासाठी अच्युत गोडबोले यांचं ‘मुसाफिर’ : सोलापूरचा मुलगा, आयआयटी, शहाद्याच्या आदिवासींच्या लढ्यातला तुरुंगवास, पुढे सॉफ्टवेअरच्या दुनियेत मोठी पदं. तिसऱ्याच्या मनात वेगळंच असतं : ‘त्याने तिथल्या शेतकऱ्यांची माती सुधारली हो!’ त्याला मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’ द्यावं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने सगळे निर्णय सर्वांच्या सहमतीने घ्यायचे ठरवले, अभ्यासगट चालवले, आणि २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. बोकील हे सगळं शांतपणे, पायरी-पायरीने सांगतात. आवडतं पुस्तक तिघांचं एकच, पण पुढची पुस्तकं तीन, आणि त्यातली कुठलीही दोन आपसांत बदलली तर दोन्ही न वाचता परत येण्याची शक्यता मोठी.

असं का होतं, याची उत्तम मांडणी अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम केलेल्या नॅन्सी पर्ल यांनी केली आहे. त्यांच्या मते वाचक पुस्तकात चार दारांतून शिरतो : गोष्ट, माणसं, स्थळकाळ आणि भाषा. चारही दारं प्रत्येक पुस्तकाला असतात, पण एखादं सताड उघडं तर एखादं नुसतं किलकिलं. तसंच वाचकाचंही एखादं नेहमीचं दार असतं. सुचवणाऱ्याने ही दोन जुळवायची.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या मराठी कादंबऱ्यांना हे लावून बघता येतं. ‘रात्री दोनपर्यंत जागवलं’ असं ज्याला हवं, त्याला मुरलीधर खैरनार यांची ‘शोध’ द्यावी. सुरतेच्या लुटीतल्या हरवलेल्या खजिन्यामागे लागलेली माणसं, नाशिकच्या आसपासचा मुलूख, आणि भरभर उलटणारी पानं. इथे फार समजावावं लागत नाही.

माणसांच्या दाराने येणाऱ्याला देविदास सौदागर यांची ‘उसवण’ द्यावीशी वाटते. तिला २०२४चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, पण देताना ते शेवटी सांगावं. आधी सांगावं ते हे : विठू नावाचा एक शिंपी आहे, गिऱ्हाईक तयार कपड्यांकडे वळलंय, आणि हातात कसब असलेल्या माणसाचं घर हळूहळू कसं उसवत जातं ते या छोट्या पुस्तकात आहे. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. त्यामुळे मशीनजवळ बसलेल्या माणसाची चिंता बाहेरून पाहून लिहिलेली नाही. लोकांच्या दुःखाविषयी मोठमोठी पुस्तकं वाचून थकलेल्या वाचकालाही ही कादंबरी एका बैठकीत पुरी होते, आणि पुढे माप द्यायला शिंप्याकडे गेला की त्याला ती आठवतेच.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ देताना मात्र थोडं थांबावं. धरणामुळे गाव उठलंय, मागे सुटलेली म्हैस रानात रानटी झाली आहे, आणि तिच्या शोधात माणूस पुन्हा त्या भूमीत शिरतो. २०२३चा अकादमी पुरस्कार या कादंबरीला आहे. तिचं बळ बोलीत आहे आणि अडचणही तिथेच. कोल्हापूरकडची भाषा कानावर नसलेला वाचक सुरुवातीच्या पानांत अडखळतो. ते आधीच सांगून टाकावं : ‘पहिली वीस पानं मोठ्याने वाचा, लय कानात बसली की पुढे अडत नाही.’ अडथळा लपवला की वाचकाला वाटतं आपल्यालाच समजत नाही, आणि तो पुस्तक मिटतो. सांगितला की तो तयारीने उतरतो. सुचवण्यातला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त वगळला जाणारा भाग आहे. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ आठशेच्या आसपास पानांची आणि कित्येक शतकांची. तिच्याबाबत सांगावं की एकेका पूर्वजाची कहाणी वाचून मध्ये थांबलं तरी चालतं. नंदा खरे यांच्या ‘उद्या’बद्दल सांगावं की हे पाळत आणि नफ्याने व्यापलेलं नजीकचं भविष्य आहे, मनाला स्वस्थता देणारं नाही. अकादमीचा २०२०चा पुरस्कार खरे यांनी नाकारला होता, हे कळल्यावर बरेच जण कुतूहलाने तिला हात लावतात.

एका वेळी दोन पुस्तकं द्यावीत, फार तर तीन. पाच दिली की निवडीचा भार पुन्हा वाचकावरच पडतो. दोनांपैकी एक त्याच्या नेहमीच्या दाराचं असावं, दुसरं थोडं आडवाटेचं. कथानक सांगत बसू नये. पुस्तक कशाबद्दल आहे, वाचताना कसं वाटतं आणि अडेल कुठे, एवढं पुरे. सोबत न आवडल्यास सोडून द्यायची मोकळीक द्यावी. इथेही पर्ल यांचा नियम कामी येतो : पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने पन्नास पानं वाचून पाहावीत, त्यापुढच्यांनी शंभरातून आपलं वय वजा करावं. सत्तरीच्या आजोबांना तीस पानं पुरेशी. आपल्याकडे घेतलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्या हट्टापायी वाचनच सुटलेलेही.

पुस्तक परत आलं की ‘आवडलं का?’ असं विचारलं तर भिडेखातर ‘हो’ येतं. ‘कुठे थांबलात?’ असं विचारावं. ‘रिंगाण’ चाळिसाव्या पानावर थांबली असेल तर भाषेचं दार या वाचकाचं नव्हे. त्याला आता ‘शोध’ द्यायला हरकत नाही. दोन-तीन फेऱ्यांत त्या माणसाची वाट नीट कळते. कार्डाच्या मागे पेन्सिलीने एक ओळ टिपून ठेवली तर खिडकीवर दुसरं कुणी बसलं असलं तरी काम अडत नाही.

सुचवणाऱ्याचं स्वतःचं वाचन यासाठी अफाट असावं लागत नाही. नव्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण आणि मधली दहा पानं वाचली की त्याचं उघडं दार ओळखू येतं. एका वाचकाचं मन पुस्तकांमध्ये कसं फिरतं हे जवळून बघायचं असेल तर सतीश काळसेकर यांची ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ खिडकीच्या आतल्या बाजूला, आपल्या हाताशी ठेवावी. कुणी मागितली तर तीही द्यावी.