मोटारीची किल्ली आणि तिच्यामागील दोन यंत्रें



मोटारीच्या दुरुस्तीवर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु घरांत वीस-पंचवीस वर्षांची गाडी असली कीं मालकाला थोडेंफार यंत्रज्ञान शिकावेंच लागतें. तो आपण होऊन शिकला नाहीं, तर त्याची शिकवणी गॅरेजवाला घेतो, आणि त्या शिकवणीची फी जबर असते. आज मी गाडीच्या एकाच लहानशा भागाविषयीं बोलणार आहें. ज्यांत किल्ली घालून आपण इंजिन सुरू करतों, तें हें कुलूप. व्यवहारांत त्यास इग्निशन लॉक म्हणतात. तें बिघडलें म्हणजे किल्ली अडते, किंवा फिरूनही कांहीं घडत नाहीं, किंवा गाडी चालतां चालतां इंजिन एकाएकीं बंद पडतें. ह्या तीन तक्रारींपैकीं शेवटची जिवावर बेतणारी आहे. म्हणून हा विषय केवळ गैरसोयीचा नव्हे.

उदाहरणादाखल मी मारुति ८०० ही गाडी डोळ्यांपुढें ठेवितों, कारण ती आपल्यापैकीं पुष्कळांच्या परिचयाची आहे. १९८३ सालच्या डिसेंबर महिन्यांत तिची पहिली किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनीं स्वहस्तें दिल्लीच्या एका गृहस्थांस दिली, आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. त्यांतल्या ज्या गाड्या अद्याप सोसायट्यांच्या आवारांत उभ्या दिसतात, त्यांपैकीं कित्येकांचीं इंजिनें ठणठणीत असतात. कुलूप मात्र झिजलेलें असतें. कारण उघड आहे. किल्ली दिवसांतून चार वेळां फिरली असें धरलें, तरी वीस वर्षांत तो आंकडा २९,००० च्या वर जातो. घरच्या कपाटाचें कुलूप इतकें कधीं राबतें काय?

आतां मुख्य गोष्ट. आपण ज्याला एक कुलूप म्हणतों, तीं वस्तुतः एकापाठीमागें एक बसविलेलीं दोन यंत्रें आहेत. पुढील भाग हें खरें कुलूप. तो किल्ली ओळखतो. मागील भाग हें विजेचें बटण. तो बॅटरीचा प्रवाह इंजिनाकडे सोडतो. किल्ली फिरली म्हणजे कुलपाच्या शेपटास असलेली एक चपटी जीभ त्या बटणास फिरविते, एवढाच दोहोंचा संबंध. पहिल्याचा रोग घर्षणाचा, दुसऱ्याचा विजेचा. दोहोंवर एकच औषध चालत नाहीं, आणि दुखणें कोणाचें तें ओळखण्यापूर्वीं पैसा खर्च करणें म्हणजे दांत दुखत असतां कान उपटून घेणें होय.

प्रथम कुलूप पाहूं. एका स्थिर नळींत एक पितळी गाभा फिरतो. त्या गाभ्यांत पातळ पत्र्याच्या चकत्या उभ्या ओळीनें बसविलेल्या असतात. प्रत्येक चकतीस मधोमध एक खिडकी असते आणि बाजूस केसासारखी बारीक स्प्रिंग असते. किल्ली नसतांना स्प्रिंगा चकत्यांना बाहेर ढकलतात. त्यांचीं टोकें नळीच्या खांचेंत शिरतात आणि गाभा जखडला जातो. योग्य किल्ली आंत गेली कीं तिच्या दात्यांवरून प्रत्येक चकती बरोबर हवी तितकीच सरकते; सर्वांचीं टोकें गाभ्याच्या पृष्ठभागाशीं सपाट होतात आणि गाभा मोकळा फिरतो. एखादी चकती जरी केसभर वर राहिली, तरी वाट बंद! वर्गांतील एका मुलानें हात वर ठेवला म्हणून सगळा वर्ग थांबावा, तसा हा प्रकार आहे.

किल्ली अडूं लागली कीं पहिला संशय कुलपावर घेतला जातो. माझ्या मतें तो आधीं किल्लीवर घ्यावा. किल्ली आणि चकत्या दोन्ही धातूच्या, दोन्ही झिजतात. घरांत गाडीबरोबर मिळालेली दुसरी किल्ली असते. ती वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहिल्यामुळें कोरी असते. ती लावून पाहा. तिनें कुलूप सुरळीत फिरलें, तर कुलूप निर्दोष आहे आणि म्हातारपण रोजच्या किल्लीस आलें आहे. येथें लोक एक चूक हमखास करतात: झिजलेली किल्लीच रस्त्यावरच्या किल्लीवाल्यास देऊन तिची प्रत काढवितात. तो बिचारा समोर दिसेल तेंच उतरवून काढणार. मूळ किल्लीची झीज नव्या किल्लींत जशीच्या तशी उतरते. नक्कल करावयाची ती कोऱ्या किल्लीची. तीही नसेल, तर पुष्कळ गाड्यांच्या किल्लीवर किंवा तिच्यासोबतच्या धातूच्या बिल्ल्यावर एक क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून दात्यांची मूळ मापें काढतां येतात.

कित्येक वेळां तर रोगच नसतो. स्टिअरिंगच्या दांड्यावर कुलूप असलेल्या गाडींत किल्ली काढतांच आंतून एक पोलादी खिट्टी बाहेर येते आणि दांडा अडकविते. चोरानें गाडी ढकलली तरी ती वळूं नये, हा हेतु. पुढचीं चाकें फुटपाथच्या कडेस टेंकलेलीं असलीं, किंवा उतरतांना आपण चक्रावर भार टाकला, तर ती खिट्टी दाबली जाते आणि किल्ली हलत नाहीं. अशा वेळीं जोर लावून किल्ली मोडूं नये. एका हातानें चक्र किंचित् डावीं-उजवीं हलवीत दुसऱ्या हातानें किल्ली हलकेंच फिरवावी. खिट्टीवरचा भार सुटतो व किल्ली फिरते.

तेलाविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे, कारण आपल्या घरांत शिवणाच्या यंत्राचें तेल सर्व रोगांवर चालतें अशी समजूत आहे. खोबरेल घालणारेही मीं पाहिले आहेत. तेलानें दोन दिवस बरें वाटतें. पुढें त्यावर धूळ बसून चिखल होतो आणि बारीक स्प्रिंगा त्यांत रुततात. कुलपास हवें कोरडें वंगण, म्हणजे ग्राफाइटची पूड. शिसपेन्सिलीच्या शिशांत तेंच असतें. ६ बी सारखी मऊ पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासावी आणि किल्ली दहा-बारा वेळां आंतबाहेर करावी. मात्र पूड चिमटीनें वापरावी, मुठीनें नव्हे. ग्राफाइटमधून वीज वाहते, आणि मागच्या अंगास दुसरें यंत्र आहे, हें विसरतां कामा नये.

आतां त्या दुसऱ्या यंत्राकडे येऊं. त्याच्या आंत तांब्याचे पट्टे असतात. किल्ली पहिल्या टप्प्यावर आली कीं रेडिओसारख्या किरकोळ गोष्टींस वीज मिळते, दुसऱ्यावर इंजिनाच्या ठिणगीस, आणि तिसऱ्यावर, म्हणजे आपण ज्याला ‘सेल्फ मारणें’ म्हणतों त्या वेळीं, सोलेनॉइड नांवाच्या विद्युच्चुंबकास. सेल्फची मोटर शंभराहून अधिक अँपिअर ओढूं शकते. एवढा लोंढा ह्या नाजूक बटणांतून कधींच नेत नाहींत. बटण फक्त सोलेनॉइडला हुकूम देतें, आणि तें मोठें काम तो करतो. तरी हुकूम देतांना व सोडतांना बारीक ठिणगी उडते. हजारों ठिणग्यांनीं पट्टे काळे पडतात, खरबरीत होतात आणि वीज अडखळूं लागते.

हें दुखणें ओळखावयास डोळे आणि कान पुरे होतात. गाडी न्यूट्रलमध्यें व हँडब्रेक ओढलेला, अशा स्थितींत किल्ली सेल्फवर न्या आणि समोरचे तांबडे दिवे पाहा. दिवे मलूल झाले आणि आंतून नुसतें ‘टक्’ झालें, तर बटण आपलें काम करीत आहे. दोष बॅटरींत, किंवा तिच्या टोकांवर चढलेल्या क्षारांत असावा. दिवे तेजस्वीच राहिले आणि आवाज मुळींच नाहीं, तर सोलेनॉइडपर्यंत हुकूम पोंचत नाहीं. बटणावर संशय घ्यावा. इंजिन सेल्फवर सुरू होतें आणि किल्ली सोडतांच मरतें, तर तिसरा टप्पा जिवंत असून दुसरा मेला आहे. आणि किल्ली नुसती हलविल्यानें चालतें इंजिन अडखळत असेल, तर पट्टे झिजले आहेत. ती गाडी घाटांत नेऊं नये.

आमच्या शेजारीं एक निवृत्त बँक-अधिकारी राहतात. त्यांच्या गाडीस दुसऱ्या प्रकारची व्यथा होती, म्हणजे दिवे लखलखीत आणि सेल्फ मुका. एका गॅरेजांत प्रथम नवी बॅटरी बसविली, नंतर सेल्फ उतरवून भरून घेतला. दुखणें जेथल्या तेथें. सरतेशेवटीं एका तरुण कारागिरानें बटणाच्या मागच्या दोन तारा मल्टिमीटरनें तपासल्या. बटणांत शिरणारी वीज साडेबारा व्होल्ट, आणि सेल्फकडे बाहेर पडणारी जेमतेम सात! चांगल्या बटणांत ही घट अर्ध्या व्होल्टाच्या आंत असावयास हवी. पांच मिनिटांच्या ह्या तपासणीनें जें कळलें, तें दोन मोठ्या बिलांनीं कळलें नव्हतें. मल्टिमीटर बॅटरीहून पुष्कळच स्वस्त असतो, हेंही जातां जातां सांगून ठेवितों.

चालत्या गाडींत बटण दगा देतें तेव्हां काय होतें, ह्याचें दुःखद उदाहरण अमेरिकेंत घडलें. किल्ली ‘ऑन’वर पोंचली कीं हातास एक बारीक टक् जाणवते, आंतील स्प्रिंग एका खळग्यांत बसते आणि किल्लीला तेथें धरून ठेविते. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट व आणखी कांहीं गाड्यांत ही पकड फार ढिली होती. गुडघ्याचा धक्का, रस्त्यांतला खड्डा किंवा जड जुडग्याचा भार एवढ्यानें किल्ली मागें सरके. इंजिन बंद पडे, स्टिअरिंगचें साहाय्य जाई, आणि अपघात झालाच तर हवेच्या पिशव्याही फुगत नसत. २००६ सालीं तो भाग गुपचूप सुधारण्यांत आला, परंतु त्याचा क्रमांक जुनाच राहिला. त्यामुळें शोध घेणारे पुढें कित्येक वर्षें चकले. अखेर २०१४ मध्यें सुमारें २६ लाख गाड्या परत बोलावाव्या लागल्या, आणि कंपनीच्या नुकसानभरपाईच्या निधीनें १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीनें मालकांस सांगितलें तें इतकेंच, कीं जुडग्यांतून गाडीची किल्ली एकटी काढून वापरा.

हा सल्ला आपणही मानावा. घर, दुकान, तिजोरी, स्कूटर आणि वर एक पितळी गणपति, असा पाव किलोचा जुडगा कुलपांत लोंबत असेल, तर तो प्रत्येक खड्ड्यास गाभ्याला आणि बटणाला हिसके देतो. आणि इंजिन चालत्या गाडींत बंद पडलेंच, तर घाबरून किल्ली मागें फिरवून काढूं नका. स्टिअरिंग अडकण्याचा धोका त्यांतच आहे. ब्रेक पुनःपुन्हां न मारतां एकदांच ठाम दाबून धरावा, कारण ज्या ब्रेकला इंजिनाच्या पोकळीचें साहाय्य असतें, त्याची शिल्लक एक-दोन दाबांतच संपते.

कांहीं कारागीर बटण बिघडलें कीं तारा जोडून ‘डायरेक्ट’ करून देतात आणि डॅशबोर्डला घंटीचें बटण लावतात. मला ही युक्ति मुळींच पसंत नाहीं. चोरास घर उघडें मिळतें. तारा उघड्या राहिल्या तर आगीचें भय. आणि स्टिअरिंगची खिट्टी किल्लीनेंच मागें जाते, ती तशीच राहून ऐन वळणावर बाहेर आली तर?

नवें बटण बसविणें तितकें अवघड नाहीं. पुष्कळ गाड्यांत तें कुलपापासून वेगळें निघतें. त्यामुळें किल्ल्या बदलाव्या लागत नाहींत. आधीं बॅटरीची ऋण तार सोडवावी. स्टिअरिंगखालचें झांकण काढावें, तारांचा फोटो घ्यावा, मगच मागचा स्क्रू सोडवून बटण काढावें. नवें बसवितांना जीभ व खांच जुळलेली आहे हें पाहावें. संबंध कुलूपच बदलावयाचें असेल, तर तें काम कारखान्याकडे सोंपवा. त्याच्या पट्ट्याचे बोल्ट घट्ट करतांना त्यांचीं डोकीं मुद्दाम तुटतील असे बनविलेले असतात. नेहमींच्या पान्यानें ते सुटत नाहींत.

काम झाल्यावर गाडी जागच्या जागीं उभी असतांना इंजिन सुरू करून चक्र दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून पाहावें. तें कोठेंही अडतां कामा नये. मग किल्ली ‘ऑन’वर ठेवून हलकेंच ओढावी. ती हातांत आली, तर कुलपाचा गाभा झिजला आहे. नवें बटण घालूनही ती गाडी रस्त्यावर नेण्यास योग्य नाहीं. आली नाहीं, तर किल्लीचा क्रमांक एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांबरोबर घरीं ठेवावा, गाडींत नव्हे.