युद्धस्मारके, संयुक्त युद्धांतील
अनेक राष्ट्रांनी मिळून लढलेल्या युद्धात कामी आलेल्या स्वदेशीय सैनिकांच्या स्मरणार्थ उभारलेल्या वास्तू. भारताच्या बाबतीत हे स्मरण अवघड ठरले. कारण दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिक परक्या सत्तेखाली लढले. पूर्वीच्या कुलाबा (रायगड) जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे हे मराठा पलटणीतील सैनिक १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. सोबती ठार वा जखमी झाल्यावर त्यांनी एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे काबीज केले होते. ब्रिटिश शासनाने त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला. राष्ट्रकुलाच्या कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. प्रत्यक्ष रणभूमीजवळ, मोंतोने येथे, भारत व इटली यांच्या सहभागाने त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळरूपी स्मारक उभे राहण्यास मात्र २०२३ साल उजाडले.