प्राप्तिकराचा परतावा आणि त्याचा कालक्रम : लासलगाव बाजारपेठेच्या संदर्भात

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या लिलावासाठी देशभर ओळखले जाते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या येथील कृषी उत्पन्न बाजार समितीत शेतमालाची किंमत विक्रीच्या दिवशीच शेतकऱ्याच्या हाती पडावी, अशी कायद्याची व परंपरेचीही अपेक्षा आहे. ज्या गावाचा व्यवहार 'आज माल, आज पैसे' या तत्त्वावर चालतो, तेथील व्यापाऱ्याला किंवा शेतकऱ्याला सरकारकडे जास्तीचा गेलेला कर परत मिळण्यासाठी काही महिने, प्रसंगी वर्षभर वाट पाहावी लागते. हा विलंब नेमका कोठे होतो, त्यातील किती भाग कायद्याच्या रचनेतून येतो आणि किती भाग करदात्याच्या स्वतःच्या कागदपत्रांतून, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परतावा म्हणजे काय?

प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम २३७ नुसार एखाद्या व्यक्तीने भरलेला किंवा तिच्या वतीने कापला गेलेला कर प्रत्यक्ष देय करापेक्षा अधिक असेल, तर अधिकची रक्कम परत मिळण्याचा तिला हक्क आहे. परतावा ही सवलत नव्हे की अनुदान नव्हे. ते करदात्याचेच पैसे आहेत. मात्र हा हक्क आपोआप अंमलात येत नाही. विवरणपत्र दाखल करून तो मागावा लागतो, आणि येथेच ग्रामीण भागातील बहुतेकांची वाट अडते. 'शेतीचे उत्पन्न करमुक्त, मग विवरणपत्र कशाला?' हा प्रश्न लासलगाव परिसरात स्वाभाविक आहे. कलम १०(१) प्रमाणे शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे. परंतु त्या उत्पन्नातून बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीचे व्याज हे शेतीचे उत्पन्न राहत नाही.

शेतकऱ्याचे उदाहरण

कल्पनेसाठी एक उदाहरण घेऊ. साठ वर्षांखालील एका कांदा उत्पादकास २०२३-२४ या आर्थिक वर्षात बँकेतील ठेवींवर ९०,००० रुपये व्याज मिळाले. शेतीखेरीज त्याचे दुसरे उत्पन्न नाही. त्या वर्षी ४०,००० रुपयांवरील व्याजावर बँकेने १० टक्के दराने कर कापावा, असा नियम होता. त्यामुळे ९,००० रुपये कापले गेले. त्याने वर्षाच्या आरंभी नमुना १५जी भरून दिला असता तर ही कपात टळली असती. तो राहून गेल्याने आता विवरणपत्र हाच मार्ग उरला. करपात्र उत्पन्न किमान मर्यादेच्या आत असल्याने देय कर शून्य, म्हणून संपूर्ण ९,००० रुपये परत मिळावयास हवेत.

येथे एक सूक्ष्म अडचण आहे. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असल्यास 'सहज' हा सोपा नमुना वापरता येत नाही. पगार वा व्यवसाय नसतानाही आयटीआर-२ भरावा लागतो. निव्वळ शेती उत्पन्न पाच लाखांवर गेले, तर जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, मालकीची की खंडाची, बागायती की जिरायती, हा तपशीलही द्यावा लागतो. शेतीचे उत्पन्न न दाखवता 'सहज' भरून टाकण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. तो चुकीचा आहे. चुकीच्या नमुन्यातील विवरणपत्र कलम १३९(९) खाली सदोष ठरू शकते, आणि दोष दुरुस्त होईपर्यंत परताव्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वरील शेतकऱ्याने ३१ जुलै २०२४ पूर्वी विवरणपत्र भरले आणि २० ऑगस्टला परतावा मंजूर झाला असे धरल्यास, कलम २४४क नुसार १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का सरळव्याज मिळते. महिन्याचा अंश पूर्ण महिना धरला जातो. म्हणजे पाच महिन्यांचे २२५ रुपये. मुदतीनंतर विवरणपत्र भरल्यास व्याज १ एप्रिलपासून नव्हे, तर दाखल केल्याच्या दिवसापासून मोजतात. हे व्याज स्वतः करपात्र असते, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

व्यापाऱ्याची कोंडी

शेतकऱ्याच्या बाबतीत प्रश्न हजारांचा असतो, व्यापाऱ्याच्या बाबतीत तो लाखांचा होतो. १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४न अंमलात आले. वर्षभरात बँकेतून एक कोटी रुपयांहून अधिक रोख काढल्यास वरच्या रकमेवर दोन टक्के कर कापण्याची ही तरतूद होती. शेतकऱ्यांना रोख पैसे मोजणाऱ्या कांदा व्यापाऱ्यास एक कोटीची मर्यादा हंगामातील थोड्याच दिवसांत ओलांडावी लागते. पाच कोटींची रोकड काढणाऱ्याचे आठ लाख रुपये अशा रीतीने अडकतात. आणि ही रक्कम नफ्याच्या नव्हे, उलाढालीच्या प्रमाणात कापली जाते.

केंद्र सरकारने २० सप्टेंबर २०१९ च्या अधिसूचनेद्वारे बाजार समित्यांतील आडते व व्यापारी यांना १ सप्टेंबरपासूनच यातून सूट दिली. परंतु ती सशर्त होती. ज्या खात्यातून रोकड काढावयाची त्याचा क्रमांक व पॅन बँकेस कळवणे आणि ही रक्कम शेतमालाच्या खरेदीपोटी शेतकऱ्यांना देण्यासाठीच आहे असे प्रमाणित करणे आवश्यक होते. हा कागद ज्याने वेळेवर दिला नाही त्याचा कर कापला गेला, आणि मग परताव्याचा लांबचा रस्ता सुरू झाला.

तो किती लांबचा, हे पाहण्याजोगे आहे. समजा, कपात ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. लेखापरीक्षण बंधनकारक असलेल्या व्यापाऱ्याचे त्या वर्षाचे विवरणपत्र ३१ ऑक्टोबर २०२३ पर्यंत भरावयाचे. म्हणजे दुसरा लाल कांदा बाजारात येण्याच्या सुमारास पहिल्या हंगामातील पैशांची मागणी नोंदवली जाणार. शिवाय २४४क चे व्याज १ एप्रिल २०२३ पासूनच सुरू होते. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांचे काहीच मिळत नाही. वार्षिक सहा टक्के हा दर बँकेच्या कर्जाऊ दराच्या मानाने कमीच आहे. चाणाक्ष हिशेबनीस अशी कपात अग्रिम कराच्या हप्त्यांतून वळती करून घेतो. ज्याचा देय करच थोडा आहे, त्याला मात्र ही सोय फारशी उपयोगाची नाही.

विवरणपत्रापासून खात्यापर्यंत

विवरणपत्र दाखल करणे पुरेसे नसते; त्याचे सत्यापनही करावे लागते. १ ऑगस्ट २०२२ पासून त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे, पूर्वी ती १२० दिवसांची होती. त्यानंतर बंगळूर येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात संगणक विवरणपत्रातील आकडे २६एएस या कर-विवरणाशी ताडून पाहतो. कापणाऱ्या बँकेने शेवटच्या तिमाहीचा तपशील ३१ मे पर्यंत द्यावयाचा असल्याने एप्रिलमध्येच घाईने भरलेल्या विवरणपत्रात तफावत निघण्याची शक्यता असते. लवकर भरले की लवकर मिळते, हा समज म्हणूनच अर्धसत्य आहे.

कलम १४३(१) खालील सूचनापत्र पाठवण्यास, विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले ते संपल्यापासून नऊ महिन्यांची मुदत कायद्याने दिली होती. प्रत्यक्षात काम त्याहून पुष्कळ वेगाने होते. २०१३-१४ मध्ये सरासरी ९३ दिवस लागत, ते प्रमाण १० दिवसांवर आल्याचे केंद्रीय अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पीय भाषणात सांगितले. सरासरी ही सरासरीच असते. ज्याचे विवरणपत्र तपासणीसाठी बाजूला पडले, त्याला तिचा दिलासा नाही.

जुनी करमागणी थकीत असल्यास कलम २४५ प्रमाणे ती परताव्यातून वळती केली जाते. त्याआधी करदात्यास सूचना येते व उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. ती सूचना ई-मेलवर येते, आणि तो ई-मेल बहुधा विवरणपत्र भरून देणाऱ्या सल्लागाराचा असतो. शेतकऱ्याला कळते ते रक्कम कमी आल्यावरच.

शेवटचा टप्पा बँक खात्याचा. एकेकाळी परताव्याचा धनादेश टपालाने येई, पत्ता चुकला की परत जाई. २००७ मध्ये स्टेट बँकेमार्फत परतावा देण्याची योजना सुरू झाली आणि १ मार्च २०१९ पासून केवळ पॅनशी जोडलेल्या, पूर्वप्रमाणित खात्यातच रक्कम जमा होऊ लागली. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून अहोरात्र चालू असल्याने सुट्टीमुळे होणारा खोळंबा जवळजवळ संपला. अडते ते नावापाशी. पॅनवर वडिलांचे नाव आहे, बँकेत केवळ आद्याक्षर. एकीकडे नावापुढे 'राव' किंवा 'बाई' आहे, दुसरीकडे नाही. विवाहितेचे खाते माहेरच्या नावाने आहे. माणसाला क्षुल्लक वाटणारी ही तफावत संगणकाला क्षुल्लक वाटत नाही. बँकांच्या विलीनीकरणाचाही असाच परिणाम झाला. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात गेली, वर्षभराने सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. शाखांचे आयएफएससी क्रमांक बदलले आणि जुन्या क्रमांकावर प्रमाणित केलेली खाती निरुपयोगी ठरली. पतसंस्थेतील बचत खाते तर यासाठी चालत नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. रक्कम परत गेल्यास खाते नव्याने प्रमाणित करून संकेतस्थळावर परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती करावी लागते. पॅन आधारशी न जोडल्याने निष्क्रिय झाले असेल, तर जुलै २०२३ पासून परतावा थांबतो आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही.

उशीर झालेल्यांचा प्रश्न

विलंबित विवरणपत्राची मुदतही उलटल्यावर भरता येणाऱ्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही. अशा वेळी कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज हाच उपाय राहतो. ऑक्टोबर २०२४ पासून त्यास करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांची मर्यादा आहे, पूर्वी ती सहा वर्षांची होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेत मांडलेल्या नव्या प्राप्तिकर विधेयकात मूळ मुदतीत विवरणपत्र न भरणाऱ्यास परतावा नाकारणारी तरतूद होती. जुलैच्या अखेरीस खरीप कांद्याच्या रोपांत आणि लागवडीत गुंतलेल्या, केवळ ठेवीवरील कपातीसाठी विवरणपत्र भरणाऱ्या शेतकऱ्याचे नऊ हजार त्या एका वाक्याने बुडाले असते. प्रवर समितीने ती वगळण्याची शिफारस केली व ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या अधिनियमात ती राहिली नाही. १ एप्रिल २०२६ पासून अंमलात येणाऱ्या या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. तत्पूर्वीच्या वर्षांचे परतावे मात्र १९६१ च्याच अधिनियमाप्रमाणे निकालात निघावयाचे आहेत.