सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर पाली लागते. बिंदुसरा धरणामुळे हे गाव जिल्ह्यात पूर्वीपासून ओळखीचे. पुढे आणखी एका कामामुळे पालीचे नाव दूरवर पोहोचले. दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्याने 'इन्फंट इंडिया' या संस्थेमार्फत एचआयव्हीबाधित मुलांसाठी इथे हक्काचे घर उभे केले.

एचआयव्ही हा आजार आहे, अपंगत्व नाही. तरीही या महिन्याचा विषय आम्ही पालीपासून सुरू करतो, कारण दोन्हीकडे लोकांच्या तोंडी एकच वाक्य असते: 'कुणाच्या तरी पापाचे फळ असणार.' मूल चालत नाही, बोलत नाही, ऐकत नाही, त्याची समज वयाप्रमाणे वाढत नाही, हे लक्षात आले की आई-वडिलांच्या कानावर पहिल्यांदा हेच पडते. कोणी म्हणते नजर लागली. कोणी म्हणते हिने गरोदरपणात ग्रहण पाहिले असेल. बोट बहुतेक वेळा आईकडेच असते. मुलाचा सांभाळ, दवाखान्याच्या फेऱ्या, खर्च हे ओझे तर असतेच, पण हे दुसरे ओझे जास्त जड. ते उतरवायला ईमान कसे कामी येते आणि चुकीच्या समजुतीने तेच ईमान ओझे कसे वाढवते, याचा आज विचार करू या.

शिक्षा की परीक्षा?

ग्रहणाचीच गोष्ट घ्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच हे झाले. दुःखात बुडालेल्या त्या पित्याने ही समजूत तिथल्या तिथे खोडून काढली. कोणाच्या जन्माने किंवा मृत्यूने सूर्य-चंद्राला ग्रहण लागत नाही, ती अल्लाहच्या निशाण्यांपैकी आहेत, असे त्यांनी समजावले. म्हणजे ग्रहणाचा आणि लेकराच्या दुःखाचा संबंध जोडायचा नाही, हे आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी सांगून झाले आहे. तरी आपल्या मोहल्ल्यात आजही गरोदर बाईला ग्रहणात सुरी-कात्री हातात धरू देत नाहीत आणि मूल वेगळे जन्मले की तिलाच जाब विचारतात.

फिट येणाऱ्या एका स्त्रीची हदीसही अनेकांना माहीत असेल. ती प्रेषितांकडे दुआ मागायला आली. त्यांनी तिला सांगितले की सब्र केलास तर जन्नत आहे, आणि हवे असेल तर बरे होण्यासाठी मी दुआ करतो. तिने सब्र पत्करला, पण फिट आल्यावर अंगावरचे कपडे सरकतात, तेवढे होऊ नये म्हणून दुआ करा, अशी विनंती केली. प्रेषितांनी ती दुआ केली. 'तुझे काय चुकले होते' असा प्रश्न तिला कोणी विचारला नाही. तिची अब्रू झाकली जावी, ही तिची गरज महत्त्वाची मानली गेली.

मुलांमधील अपंगत्वाची कारणे वैद्यकशास्त्राने बरीच उलगडली आहेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, बाळंतपणात मेंदूला ऑक्सिजन कमी पडणे, नवजात बाळाची तीव्र कावीळ यांतून सेरेब्रल पाल्सी होऊ शकते. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावे गुणसूत्र एक जास्तीचे असते. थॅलेसेमियासारख्या आजारात आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. इथे 'दोघेही' हा शब्द सासू-सासऱ्यांनी नीट वाचावा. जवळच्या नात्यात लग्न झाले तर दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. चुलत-मावस भावंडांच्या लग्नाला शरीअतची परवानगी आहे, सक्ती नाही. नात्यातच सोयरीक करायची असेल तर आधी रक्ताची तपासणी करून घेण्यात काही गैर नाही.

याकूब (अ.) यांचा सब्र

'सब्र करा' हा आपल्याकडे सर्वांत स्वस्त सल्ला आहे. देणारा देऊन जातो, आणि ऐकणाऱ्या आईला वाटते की आपण रडलो म्हणजे सब्र मोडला, थकलो म्हणजे ईमान कमी पडले.

सूरह यूसुफ पुन्हा वाचली तर हा गैरसमज टिकत नाही. हजरत याकूब (अ.) यांचा लाडका मुलगा हरवला. त्यांनी उत्तम सब्र करण्याचा निश्चय केला, आणि तरीही इतके रडले की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले. घरच्यांनी टोकले तेव्हा त्यांनी उत्तर दिले की मी माझे गाऱ्हाणे अल्लाहपुढेच मांडतो आहे. आणि लगेच मुलांना सांगितले, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेबद्दल निराश होऊ नका. रडणे, अल्लाहशी मोकळेपणाने बोलणे आणि हातपाय हलवणे या तिन्ही गोष्टी एकाच नबींच्या सब्रमध्ये आहेत. आपण यातले पहिले लाजिरवाणे मानतो आणि तिसरे विसरतो.

'अल्लाह कोणावर ताकदीपेक्षा जास्त भार टाकत नाही' हेही असेच सारखे ऐकवले जाते. सूरह बकराच्या शेवटच्या आयतीतला हा दिलासा खरा आहे. पण ती आयत तिथे थांबत नाही. पुढे दुआ आहे, आणि तिच्यात आम्हाला न पेलणारे ओझे आमच्यावर टाकू नकोस, अशी विनवणी आहे. ओझे हलके कर असे मागणे ही इबादत आहे, हे स्वतः कुरआन शिकवतो. मग रात्र-रात्र जागलेल्या आईने नणंदेला 'आज दोन तास तू याला सांभाळ' म्हटले, तर त्यात नाशुक्री कुठे आली?

कोणती श्रद्धा आधार देते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पारगामेंट यांनी संकटात माणसे धर्माचा आधार कसा घेतात, याचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन वाटा दाखवल्या. एका वाटेवर माणूस ईश्वराला सोबती मानतो, त्याच्याकडे बळ मागतो, धर्मबांधवांचा आधार घेतो. दुसऱ्या वाटेवर त्याला वाटते की ईश्वराने आपल्याला शिक्षा केली, टाकून दिले. दुसऱ्या वाटेवरच्यांमध्ये नैराश्य आणि मनाचा ताण जास्त आढळतो. श्रद्धा दोघांकडेही आहे. फरक पडतो तो आपल्या रबविषयी मनात काय धरले आहे, यामुळे.

आपल्या भाषेत पहिल्या वाटेला तवक्कुल म्हणता येईल. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी आधी उंट बांध, मग भरवसा ठेव असे सांगितले. मुलाच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे वेळेवर तपासणी. बाळ आवाजाला दचकत नसेल तर 'मोठे झाल्यावर ऐकेल' म्हणून थांबू नये. भाषा रुजण्याचा काळ पहिल्या तीन वर्षांचा आहे आणि तो परत येत नाही. मान धरत नसेल, बसत नसेल तर फिजिओथेरपी जितकी लवकर, तितका उपयोग. याच काळात कित्येक कुटुंबे एका आमिलकडून दुसऱ्याकडे, एका तावीजाकडून दुसऱ्या गंड्याकडे फिरत राहतात. पैसा जातोच, आणि मुलाची शिकण्याची वर्षेही जातात. दुआ जरूर करावी, अगदी रोज करावी, पण आजार दिला तसा इलाजही अल्लाहनेच दिला आहे आणि तो शोधा, अशी प्रेषितांची शिकवण आहे.

बीड जिल्ह्याची एक अडचण वेगळी आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. विशेष मूल एक तर कोपीवर जाते, नाही तर गावी आजीजवळ राहते. दोन्हीकडे व्यायाम आणि शाळा तुटते. अशा घरातल्या आजीला थेरपिस्टकडून चार साधे व्यायाम शिकवून घेतले, तर ते महिने वाया जात नाहीत. गावात मागे राहणाऱ्या शेजाऱ्यांनी त्या आजीची विचारपूस ठेवणे हेही सवाबचे काम आहे.

मशिदीत जागा आहे का?

हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) दृष्टिहीन होते. त्यांच्यासंदर्भात कुरआनची ऐंशीवी सूरह, सूरह अबस, अवतरली आणि प्रतिष्ठित सरदारांपेक्षा शिकायला आलेल्या दृष्टिहीन माणसाकडे लक्ष देणे महत्त्वाचे ठरले. पुढे ते मदीनेत अजान देत. प्रेषित (स.) प्रवासाला निघाले की काही वेळा शहराची जबाबदारी त्यांच्याकडे असे. नजर अधू झालेले हजरत इत्बान (रजि.) पावसापाण्यात मशिदीत येऊ शकत नव्हते, म्हणून प्रेषितांनी त्यांच्या घरी जाऊन नमाज अदा केली. समज कमी असलेल्या एका स्त्रीला काही सांगायचे होते, तर तू म्हणशील त्या गल्लीत येतो म्हणून ते तिच्यासाठी थांबले.

आता आपल्या मशिदींकडे पाहू. किती ठिकाणी पायऱ्यांशेजारी व्हीलचेअरसाठी उतार आहे? मंदबुद्धी मुलाने सफमध्ये आवाज केला तर त्याच्या अब्बांना लोक कसे पाहतात? समज नसलेल्यावर शरीअतची जबाबदारी नाही, त्याच्या कर्माची नोंद करणारी लेखणी उचलली गेली आहे, अशी हदीस आहे. ज्याला अल्लाहने माफ केले त्याला आपण मशिदीबाहेर काढतो आणि त्याच्यासोबत त्याचा बापही जुम्याला यायचा बंद होतो. ज्या आधाराची त्याला सर्वांत जास्त गरज, तोच तुटतो. लग्न-वलीम्याच्या दावतीतही असेच घडते. 'मुलाला घरी ठेवून या' हे निमंत्रण नव्हे.

आमच्यानंतर कोण?

नमाजनंतर हात उचलले की या आई-वडिलांच्या मनात एकच प्रश्न येतो: आम्ही गेल्यावर याचे काय? सूरह निसाच्या सुरुवातीला याची दिशा आहे. ज्यांना मालमत्ता सांभाळण्याची समज नाही त्यांच्या हाती ती सोपवू नका, पण तिच्यातून त्यांना खाऊ-पिऊ घाला, कपडे द्या आणि त्यांच्याशी चांगले बोला, असा आदेश तिथे आहे. वारसाहक्कात अशा मुलाचा वाटा कमी होत नाही. भावांनी 'त्याला काय कळते' म्हणून तो गिळणे हराम आहे.

देशाचा कायदाही हात देतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे मान्य आहेत. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि स्वमग्नता त्यात येतात. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवावे, पुढच्या बहुतेक योजनांची किल्ली तेच आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. मूल १८ वर्षांचे झाले की जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. हा अर्ज करणे म्हणजे तवक्कुल सोडणे नव्हे. उंट बांधण्याचेच हे काम आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. म्हणजे असे घर आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहे. वाचक भगिनींनो आणि बांधवांनो, या महिन्यात त्यांपैकी एका घराचे दार वाजवा. सल्ला देऊ नका, कारण विचारू नका. त्या मुलाला त्याच्या नावाने सलाम करा, त्याच्याजवळ थोडा वेळ बसा, आणि त्याच्या अम्मीला म्हणा, तुम्ही नमाज पढून या, मी आहे इथे.

अल्लाह अशा सर्व माता-पित्यांचे ओझे हलके करो, आणि ते हलके करण्यात आपला हात लागो. आमीन.