बधिर पाय आणि मोजलेली पावले

चालताना पायाखाली खडा आला, की आपण चटकन पाय उचलतो. वेदना ही शरीराची राखणदारच आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांतील चेतातंतू निकामी होऊ लागतात आणि ही राखणदार गप्प होते. मग तळव्याला जखम झाली, तरी रोगी तिच्यावर चालतच राहतो.

येथे दाबाचे सूत्र आठवा. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब. ६०० न्यूटन भार १०० चौ. सेंमी.वर पसरला, तर दर चौ. सेंमी.वर ६ न्यूटन येतात, १० चौ. सेंमी.वर एकवटला, तर ६०! पावलोपावली असा मार बसला, तर जखम भरणार कशी? म्हणून डॉक्टर भार वाटून घेणारा, पोटरीपर्यंतचा बूट देतात.

पण तो घातला जातो का? २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० रोग्यांच्या कमरेला हालचाल मोजणारे एक यंत्र लावले आणि दुसरे बुटात बसवले. दोन्ही नोंदी ताडून पाहता, दिवसाच्या हालचालीपैकी अवघी २८ टक्के हालचाल बूट घालून झालेली आढळली! घरातल्या घरात बूट कशाला, असे वाटते खरे. पण तीही पावले जखमेवरच पडतात.

आता बुटातच नोंद ठेवणारे संवेदक बसवता येतात. बरी झालेली जखम पुन्हा उघडू नये म्हणून दाब मोजणारे तळवेही निघाले आहेत. दाब फार वेळ टिकला, की मनगटावरचे घड्याळ इशारा देते.

जखम शरीरच भरून काढते. यंत्र फक्त गप्प झालेल्या राखणदाराची जागा घेते.