श्रद्धेची कैफियत

बँकेत असताना कर्जवसुलीचे दावे लावण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्या निमित्ताने साताऱ्याच्या कोर्टात वकिलांशेजारी बसून मी कितीतरी कैफियती वाचल्या. वादीने दावा लावला, की प्रतिवादीने आपली बाजू लेखी मांडायची, ती कैफियत. पाऊस पडला नाही, म्हैस मेली, सही माझी नव्हेच, असे तिच्यात सगळे असे. तेथे एक गोष्ट शिकलो. चांगला वकील आधी समोरचा दावा कलमवार नीट वाचतो. जो वाचत नाही, तो भलत्याच दाव्याला उत्तर देऊन मोकळा होतो.

हे आठवले ते एका ग्रीक शब्दामुळे. ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘अपॉलॉजेटिक्स’ नावाची शाखा आहे. इंग्रजीतल्या ‘अपॉलॉजी’मुळे आपल्याला वाटते, ही माफी मागण्याची विद्या असावी. पण मूळ ‘अपोलोगिया’ म्हणजे न्यायासनासमोर आरोपीने केलेले बचावाचे भाषण. सॉक्रेटिसाच्या बचावावरील प्लेटोच्या ग्रंथाचे नावही हेच. म्हणजे थेट आपली कैफियतच की! दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांवर आरोप होत, की हे नास्तिक आहेत आणि प्रभुभोजनात माणसाचे मांस खातात. तेव्हा जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने सम्राट अँटोनायनस पायसला कैफियत लिहिली आणि आपल्या उपासनेत नेमके काय चालते ते उघड सांगितले. पुढे श्रद्धेपायीच त्याला प्राण गमवावे लागले. नव्या करारातल्या पेत्राच्या पत्रात या बाबतीत एक सूचना आहे. तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले, तर उत्तर द्यायला तयार असा. मात्र ते सौम्यपणे आणि आदराने द्या, असा तिचा आशय.

‘कोणी विचारले, तर’ या शब्दांचा अर्थ कळायला मला पंधरा वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

१९८९ साल. साताऱ्याच्या शाखेत मी तरुण अधिकारी होतो. आमचे हेड कॅशिअर ख्रिस्ती होते. वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना भाऊ म्हणत. तिजोरीची एक किल्ली त्यांच्याकडे, दुसरी माझ्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नसे. मी तेव्हा नुकताच वाचू-लिहू लागलो होतो आणि चार पुस्तके वाचलेल्या माणसाला असते ती घमेंड मला होती. मधल्या सुट्टीत डबे उघडले, की मी भाऊंना छेडायचो. देव एक की तीन? पाण्याचे द्राक्षारस कसे झाले? ते हसून पोळीचा घास घेत.

एके दिवशी मी म्हणालो, “भाऊ, ज्याला स्वतःला क्रुसावरून खाली उतरता आले नाही, तो तुम्हाला काय तारणार?”

सगळे हसले. भाऊंनी डब्याचे झाकण लावले आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या पिंजऱ्यातच जेवू लागले. सकाळी मात्र ठरल्या वेळी किल्ली घेऊन येत, “नमस्कार साहेब” म्हणत, आणि तिजोरी उघडे. वाद मी जिंकलो होतो. पुढे माझी बदली सांगलीला झाली.

सांगलीत एका कादंबरीसाठी मी एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मवादांचे वाचन सुरू केले. तेथे माझ्यासारखे विजेते पुष्कळ भेटले. १८३१ च्या सुमारास मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात वाद झडला. दोन्हीकडून पुस्तके निघाली. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर समोरासमोर उभे राहिले, ऐकायला गर्दी लोटली. या वादांनी मराठी गद्याला धार आली, हे खरे. पण कोण जिंकले, हे सांगणारा कोणत्या बाजूचा आहे यावरच ठरते.

त्या गर्दीत दोन माणसे वेगळी वाटली. पहिले फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आपली भाषा शिकला, आणि १६१६ साली राचोलला त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, छपाई रोमन लिपीत, बाज मात्र आपल्या पुराणांचा. त्यात ऐकणारे शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. स्वर्गासाठी शब्दसुद्धा वैकुंठ. आता हेही विसरता येत नाही, की त्याच गोव्यात त्या काळी देवळे पाडली गेली होती आणि इन्क्विझिशनची दहशत होती. पाठीशी सत्ता उभी असली, की गोड ओवीसुद्धा मोकळ्या मनाने ऐकता येत नाही. तरीही आपला विश्वास दुसऱ्याच्या ओवीत बसवायला आधी त्याची ओवी कानात मुरवावी लागते, हे श्रेय स्टीफन्सला द्यावेच लागेल.

दुसरे आपल्या साताऱ्याशी जोडलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांनी ते गेले. पण एवढ्या बुद्धिमान माणसाच्या धर्मांतरानंतर घरात काय झाले, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावे. चार-पाच वर्षे नवराबायकोची ताटातूट. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचे सोवळे होतेच. ते सुटले ते जातीचा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला तेव्हा. मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याची कैफियत त्यांनी ऐकली खरी, पण निकाल स्वतः लिहिला.

या वाचनाच्या ओघात बायबल हाती आले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मी थबकलो. येशू क्रुसावर आहे आणि खालून लोक टोमणा मारताहेत. दुसऱ्यांना तारले म्हणे, मग आता स्वतः खाली उतरून दाखव! मला घाम फुटला. जो प्रश्न मी स्वतःच्या बुद्धीचा म्हणून मिरवला, तो त्यांच्याच ग्रंथात जवळजवळ दोन हजार वर्षे लिहिलेला होता. भाऊ तो दर उत्तम शुक्रवारी ऐकत आले असणार. मी समोरचा दावा न वाचताच बोललो होतो.

२००४ साली साताऱ्याला परत आलो, तेव्हा भाऊ निवृत्त होऊन घरी होते. भेटून क्षमा मागितली. त्यांनी चहा मागवला. मी विचारले, “त्या दिवशी तुम्ही उत्तर का नाही दिलंत?”

“साहेब, तुम्ही विचारलं कुठं होतं? तुम्ही सांगितलं होतं.”

मग मी विचारले. यावेळी खरोखर विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“आमचा धाकटा गेला तेव्हा सात वर्षांचा होता,” ते म्हणाले. “दवाखान्यात मी रात्रभर प्रार्थना केली. चमत्कार झाला नाही. त्या रात्री क्रुसावरून उतरून ऐटीत निघून गेलेला देव माझ्या काय कामाचा होता? जो उतरला नाही, ज्यानं शेवटपर्यंत सोसलं, तोच माझ्याशेजारी बसू शकत होता. बसला. एवढंच मला ठाऊक आहे. हे त्या वेळी डब्यापाशी कसं सांगू?”

त्यांच्या मुलाबद्दल आमच्या शाखेत मला कधी कळले नव्हते. रोज सकाळी दोन किल्ल्या एकत्र लावणारी माणसे आम्ही!

भाऊंच्या बोलण्याने मी ख्रिस्ती झालो नाही. त्यांना तसे अपेक्षितही नव्हते. मी आजही माऊलींची पालखी लोणंदला आली, की फलटणपर्यंत चालतो. पण एका माणसाचा विश्वास कशावर उभा आहे, ते मला त्या दिवशी दिसले. भाऊ आता नाहीत.

परवा पुण्याहून नात आली होती. अकरा वर्षांची आहे. माझे सुजलेले पाय पाहून तिने विचारले, “आजोबा, तुम्ही का चालता? देव खरंच तिथं असतो का?” तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता. तुकोबा, ज्ञानोबा, परंपरा, संस्कृती अशी तयार उत्तरे माझ्या ओठांवर आली. ती मी गिळली. कारण ती माझी नव्हती.

“विचारलंस ते बरं केलंस,” मी म्हणालो आणि तिला जवळ बसवून घेतले. सांगायला सुरुवात केली ती माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणापासून.