मैदानात फिशकेक का फेकले? व्हीएआरवर चाहते इतके का भडकलेत, समजून घ्या

२१ जुलै २०२४. नॉर्वेमध्ये रोझेनबोर्ग आणि लिलेस्ट्रॉम या दोन क्लबांची मॅच सुरू होती. अचानक स्टँडमधून मैदानात फिशकेक, म्हणजे माशाचे कटलेट, येऊन पडायला लागले. पाठोपाठ टेनिस बॉल आले. मॅच पुन्हा पुन्हा थांबवावी लागली आणि शेवटी अर्धवट सोडून द्यावी लागली. विशेष म्हणजे या निषेधात दोन्ही टीमचे चाहते होते. त्यांचा राग होता व्हीएआरवर.

व्हीएआर म्हणजे नेमकं काय?

व्हिडिओ असिस्टंट रेफ्री. मैदानाबाहेर स्क्रीनसमोर बसलेले रेफ्री मैदानावरच्या रेफ्रीचे निर्णय तपासतात. पण सगळेच नाहीत. गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दाखवणं, प्रामुख्याने या बाबतीत. त्यातही चूक ढळढळीत असेल तरच निर्णय बदलावा, असा नियम आहे. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये व्हीएआर वापरलं गेलं, तर इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ते २०१९-२० च्या सीझनपासून आलं.

निर्णय अचूक होतात, मग अडचण काय?

प्रीमियर लीगच्या म्हणण्यानुसार व्हीएआरमुळे अचूक निर्णयांचं प्रमाण ८२ वरून ९६ टक्क्यांवर गेलं. पण स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाचा विचार करा. गोल झाला की त्याला धड नाचताही येत नाही. तपासणी संपेपर्यंत थांबायचं, आणि आत काय चर्चा चाललीय तेही ऐकू येत नाही. घरी टीव्ही बघणाऱ्याला रिप्ले दिसतो, तिकीट काढून आलेला मात्र अंधारात.

आणि तंत्रज्ञान चालवतात शेवटी माणसंच. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. मैदानावर तो ऑफसाइड ठरवला गेला. प्रत्यक्षात गोल बरोबर होता. पण मैदानावर गोल दिला गेलाय, अशा समजुतीत व्हीएआर रूमने ‘तपासणी पूर्ण’ असं कळवलं. खेळ पुन्हा सुरू झाला आणि नियमानुसार मागे जाता येईना. लिव्हरपूल २-१ ने हरलं. रेफ्रींच्या संस्थेने नंतर चूक मान्य केली, पण निकाल तोच राहिला.

लीग चालवणाऱ्यांवर राग कशासाठी?

मे २०२४ मध्ये वुल्व्ज या क्लबने व्हीएआर बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. स्टेडियममध्ये व्हीएआरविरोधात घोषणा होतात, प्रीमियर लीगचं गाणं लागलं की चाहते हुर्यो उडवतात, हे त्यांनी कारणांमध्ये लिहिलं होतं. प्रस्तावासाठी २० पैकी १४ मतं हवी होती. ६ जूनला मतदान झालं आणि वुल्व्जला फक्त स्वतःचं एक मत मिळालं. विरोधात १९.

लीगने सुधारणांचं आश्वासन दिलं आणि एप्रिल २०२५ मध्ये ऑफसाइडसाठी अर्ध-स्वयंचलित यंत्रणा आणलीही. पण मुद्दा मताचा आहे. इथे मत देतात क्लब, म्हणजे त्यांचे मालक. चाहत्याला मत नाही.

चाहत्यांना मत असेल तर काय होतं?

स्वीडनकडे बघा. तिथे क्लबची बहुसंख्य मतं सदस्यांकडे, म्हणजे चाहत्यांकडेच असावी लागतात. या सदस्यांनी आपापल्या क्लबच्या बैठकांमध्ये व्हीएआरला विरोध केला आणि २०२४ मध्ये तिथल्या महासंघाने ते आणण्याचा विचार सोडून दिला.

नॉर्वेतही जानेवारी २०२५ मध्ये वरच्या दोन डिव्हिजनच्या ३२ पैकी १९ क्लबांनी व्हीएआर काढा असं सांगितलं. पण मार्चमध्ये महासंघाच्या वार्षिक सभेत ३२१ विरुद्ध १२९ मतांनी ते ठेवायचं ठरलं. फिशकेक फेकणारे हरले. तरी त्यांचा मुद्दा सभेपर्यंत पोहोचला, त्यावर उघड मतदान झालं.

आणि भारतात?

आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये व्हीएआर नव्हतंच. मार्च २०२३ मध्ये बेंगळुरूविरुद्ध सुनील छेत्रीच्या फ्री किकवरच्या गोलवरून वाद झाला आणि केरळ ब्लास्टर्सची टीम मैदान सोडून निघून गेली. महासंघाने क्लबला ४ कोटींचा दंड ठोठावला.

पुढे तर लीगच अडकली. महासंघ आणि आयोजक कंपनी यांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नव्या कराराचं ठरेना म्हणून जुलै २०२५ मध्ये सीझन थांबवल्याचं क्लबांना कळवलं गेलं. मुंबई सिटी असो की एफसी गोवा, आपली टीम कधी खेळणार हे चाहत्यांना बातम्यांमधूनच कळत होतं.

भारतात व्हीएआर आणायची चर्चा अधूनमधून होतेच. पुढच्या वेळी ती कानावर आली तर कॅमेरे किती असतील, एवढंच विचारू नका. निर्णयाचं कारण स्टेडियममधल्या प्रेक्षकाला ऐकू येणार का आणि व्हीएआर आणण्याआधी त्याला कुणी विचारणार का, हेही विचारा.